एका पोरीचे नाव हलवायचे आहे

आपण डोंबिवलीहून पुण्याला बिऱ्हाड हलवतो तेव्हा मुलाचा शाळेचा दाखला, गॅसचे पुस्तक, बँकेचे खाते यांच्यामागे महिनाभर धावतो आणि भेटेल त्याला ती रड ऐकवतो. मीही ऐकवत असे. जव्हारला जाऊन आल्यापासून मात्र लाज वाटू लागली आहे.

२०२५ सालची भाऊबीज होऊन चारच दिवस झाले होते. जव्हार-मोखाड्याकडे दिवाळी सरली की माणसे घराबाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. परततात ती होळीला, नाहीतर एकदम पावसाच्या तोंडाशी.

माझा एक जुना मित्र तिकडे शिक्षक आहे. त्याच्याबरोबर एका पाड्यावरच्या अंगणवाडीत गेलो. (पाड्याचे नाव मुद्दामच देत नाही.) सेविकाबाई जागेवर नव्हत्या. मदतनीस म्हणाली, "बाई नाव हलवायला टेकडीवर गेल्यात."

टेकडीवर होडी? मी मित्राच्या तोंडाकडे पाहू लागलो. तो हसला नाही. पाड्यात फोनला रेंज नाही, ती टेकडीवर मिळते. आणि हलवायचे होते ते एका पोरीचे नाव.

पोर दीड वर्षाची. तिच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांच्या आत भरला होता. इतका घेर म्हणजे तीव्र कुपोषण. दुसऱ्या दिवशी पहाटे आईबाप तिला घेऊन टेम्पोने भट्टीवर निघणार. तिचे वजन, उंची, आहार हे सारे २०२१ साली आलेल्या 'पोषण ट्रॅकर'मध्ये, म्हणजे बाईंच्या मोबाइलमध्ये. जिथे पोर जाईल तिथल्या अंगणवाडीकडे हा हिशेब पोचावा, अशी योजना. योजना उत्तमच आहे. तासाभराने बाई घामाघूम होऊन उतरल्या.

"काका, फोन विचारतो जिल्हा कोणता, तालुका कोणता, अंगणवाडी कोणती. पोरीचा बाप म्हणतो, नदीजवळची शेठची भट्टी. भिवंडीत अंगणवाड्या काय थोड्या आहेत? मी कोणती लिहू?"

इथून नाव सुटल्याशिवाय तिथे ते चढत नाही, आणि तिथले ठिकाण कळल्याशिवाय इथून सोडवता येत नाही. घरी न्यायच्या शिध्याचा नियम आणखी निराळा. जुलै २०२५ पासून शिधा घेणाऱ्या आईचा चेहरा फोनने ओळखावा लागतो. त्याआधी आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो, तो सांगायचा. या घरात मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशात.

नोंदी नकोत असे मात्र कोणी म्हणू नये. याच जव्हार तालुक्यात १९९२-९३ साली वावर-वांगणीला शंभरांहून अधिक मुले दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बोभाटा केल्यावर राज्याला जाग आली. स्थलांतरात हरवणाऱ्या बायका-मुलांचा माग राहावा म्हणून राज्याच्या महिला व बालविकास विभागाने पुढे निराळी संगणकीय व्यवस्थाही काढली, आणि तिच्या पहिल्या प्रयोगात पालघर जिल्हा होता.

पण हे पोर दोन खात्यांचे. आरोग्यखात्याची नर्स लसी टोचते, ती आपल्या संगणकात लिहिते. अंगणवाडीची बाई वजन करते, ती आपल्या फोनात. महिन्यातून एकदा दोघी चटईवर शेजारी बसतात आणि तोंडी मेळ घालतात. एकीकडे आईच्या इंग्रजी नावात एक 'ए' जास्त, दुसरीकडे कमी. दोन यंत्रांना जे जमत नाही, ते या दोघी चहाच्या एका कपात उरकतात!

या साऱ्याचा खर्च कोठे मांडला जातो? २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल निकृष्ट म्हणून परत केले होते, तेव्हा त्या यंत्रांच्या किमतीची चर्चा झाली. टेकडीवरच्या तासाची कोणी केली नाही. त्या तासात मदतनीस एकटी खिचडी ढवळत होती आणि वीसेक मुले भिंतीवरच्या चित्रांकडे बघत बसली होती. बाईंच्या कपाटात जुने रजिस्टरही होतेच. फोनने दगा दिला तर? म्हणून तेही त्या भरतात. एकाच पोरीचे एकच वजन दोनदा लिहायचे, ते मानधनावर नेमलेल्या बाईने.

संध्याकाळी पोरीची आई आली. बाईंनी वहीचे पान फाडले, त्यावर वजन, दंडाचा घेर आणि स्वतःचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिला आणि घडी करून आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला. "तिथल्या बाईला हे पहिलं दाखव. विसरशील का?" आईने मान हलवली आणि पिशवी कमरेला खोचली.

डिसेंबरात मी मित्राला फोन केला. भिवंडीकडच्या एका सेविकेने चिठ्ठीवरचा नंबर फिरवला होता. पोरीचे वजन तिने केले, दोनशे ग्रॅम वाढले होते, आणि खिचडीही ती देते आहे. फोनमध्ये मात्र पोर अजून जव्हारलाच होती.