पंधरा वर्षांनंतरची परीक्षा

मुंबई-नाशिक रस्त्यावरून शहापूरला वळून भातसानगरकडे जाणारी वाट पावसाळ्यानंतर शहरी वाहनचालकांना नेहमीच खुणावते. धरणाचा परिसर, हिरवे डोंगर, पुढे कसाऱ्याचा घाट. मुरबाडच्या बाजूने गेल्यास माळशेज. सुट्टीच्या दिवशी जपून ठेवलेल्या जुन्या मोटारी बाहेर काढण्यासाठी हौशी मालकांना याहून चांगला रस्ता कोणता मिळणार? मात्र वर्षातून मोजक्या वेळा धावणारी मोटार घाट उतरण्यास खरोखर लायक आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. कायदा तो विचारतो, पण तोही पंधरा वर्षांनंतर.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर मोटार वाहन निरीक्षकाने तपासणी करून ती सुस्थितीत असल्याची खात्री केल्यावर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची असते. जर्मनीत नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे प्रदूषण चाचणी सोडली, तर खासगी मोटारीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाडा पंधरा वर्षे कोणी अधिकृतपणे पाहत नाही. म्हणूनच ही पहिली परीक्षा महत्त्वाची ठरते.

गोव्यातील छोटी स्पोर्ट्स कार

या परीक्षेचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास बाजारात आणलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार गोव्यात तयार होत असे. रचना फ्रान्समधील, इंजिन रेनोचे १,१४९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, आणि बाह्यांग फायबरग्लासचे. फार थोड्या मोटारी विकल्या गेल्या. सुरुवातीच्या मोटारींनी पंधरा वर्षे २०१३ च्या सुमारासच ओलांडली. आज त्या पंचविशीच्या पुढे आहेत.

अशा मोटारीचे मालक अभिमानाने सांगतात, की गाडी फारशी चाललेलीच नाही. तपासणीत अडचण येते ती नेमकी इथेच. रोज धावणाऱ्या मोटारीचे भाग झिजतात, तर उभ्या मोटारीचे भाग गंजतात, आखडतात आणि कडक होतात. झीज कानाला आणि हाताला जाणवते. उभे राहण्याचे आजार मात्र आतल्या आत वाढतात.

दोष कुठे सापडतात?

पहिला क्रमांक ब्रेकचा. महिनोन्‌महिने उभ्या मोटारीच्या डिस्कवर गंज चढतो, चाकाजवळचे पिस्टन अडकतात, हँडब्रेकची केबल आखडते. मग एका बाजूचे चाक धरते आणि दुसरे सुटे राहते. सपाट रस्त्यावर गाडी किंचित ओढल्यासारखी वाटते. चाचणीच्या रोलरवर हाच फरक आकड्यांत दिसतो. ब्रेक ऑइलचा धोका त्याहून छुपा आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबला गेला, की तेलातील पाण्याची वाफ होते आणि पाय सरळ तळाला जातो. कोकणपट्टीच्या आणि शहापूर-मुरबाडच्या दमट पावसाळ्यात हे तेल दोन वर्षांनी बदलणे शहाणपणाचे.

दुसरा दोष टायरचा. नियमानुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. कमी धावलेल्या मोटारीच्या टायरला ही अट सहज पार करता येते. पण रबर वयाने कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेवर छापलेले शेवटचे चार अंक त्याचा जन्म सांगतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा वेगवान रस्त्यावर जुना टायर किती घातक ठरतो, हे ओळखूनच परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर टायर तपासणीची मोहीम घेतली होती.

तिसरा दोष सांगाड्याचा. फायबरग्लास गंजत नाही, त्यामुळे मोटार बाहेरून नवीकोरी दिसते. खालचा पोलादी सांगाडा मात्र गंजतो, आणि वरच्या गुळगुळीत कवचामुळे तो दिसत नाही. मोटार उचलून, जोडांवर हलकी हातोडी मारून पाहिल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही.

चौथा दोष दिव्यांचा. पत्र्याच्या मोटारीत विद्युतप्रवाह परतण्यासाठी बॉडीचाच उपयोग होतो. फायबरच्या मोटारीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागते. तिच्या टोकाला गंज चढला, की दिवा मंद होतो, इंडिकेटर अडखळतो आणि ब्रेक लावताच भलताच दिवा लागतो. अनेकदा बल्ब बदलला जातो, दोष तसाच राहतो.

याशिवाय स्टिअरिंगमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी हालचाल नियमात बसत नाही. धुराबाबत, भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तर भारत स्टेज दोन व तीनसाठी ती ०.५ टक्के. थंड इंजिन घेऊन थेट केंद्रावर गेल्यास चांगली मोटारही नापास होऊ शकते; आधी पंधरा-वीस मिनिटे चालवून नेणे हिताचे.

हौस आणि कायदा

जुन्या स्पोर्ट्स कारचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून दुसरे इंजिन, रुंद चाके, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवण्याचा मोह होतो. कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ते स्पष्ट केले. नोंदणी पुस्तिकेतील इंजिन आणि चॅसीचे क्रमांक जुळले नाहीत, तर नूतनीकरण तिथेच अडते. गोव्यात नोंदलेली मोटार महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असल्यास इथे नवा क्रमांक घ्यावा लागतो.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बसवावी लागते. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ती प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

शुल्क वाचवण्यासाठी मुदत उलटू देणे महागात पडते. नोंदणी संपलेली मोटार रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचाही भरवसा राहत नाही. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या मोटारीच्या नुकसानीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळला होता.

म्हणून परिवहन कार्यालयात जाण्याच्या महिनाभर आधी मोटार ओळखीच्या गॅरेजमध्ये उचलून पाहावी : ब्रेकचे तेल आणि रबरी नळ्या, टायरचे वय, सांगाड्याचे जोड, दिव्यांच्या वायर. आढळलेले दोष तिथेच दूर करावेत. आणि पाच वर्षांतून एकदा मिळणारे प्रमाणपत्र त्या एका दिवसाचे असते, याचेही भान ठेवावे. भातसानगरचा रस्ता संपून घाटाचे पहिले वळण येते, तेव्हा निरीक्षकाची सही उपयोगी पडत नाही. पायाखालचा ब्रेक लागावा लागतो.