हिमलोट

हिमलोट : पर्वताच्या उतारावर साचलेली हिमराशी आधार सुटून गुरुत्वाकर्षणामुळे वेगाने खाली कोसळते, तेव्हा तिला हिमलोट म्हणतात. हिमालय, आल्प्स, रॉकी इ. पर्वतांत हिवाळ्यात व वसंत ऋतूत ही आपत्ती वारंवार उद्भवते. बहुसंख्य मोठे हिमलोट ३०° ते ४५° उतारावर सुटतात. याहून तीव्र उतारावरील हिम थोडेथोडे घसरत राहते. मंद उतारावर ते सहसा टिकून राहते.

कारणे : प्रत्येक हिमवृष्टीने हिमाच्छादनात नवा थर जमतो. जमिनीलगत तापमान सु. ०° से. असते, तर पृष्ठभाग त्याहून पुष्कळ थंड असतो. आच्छादन पातळ व हवा अतिथंड असल्यास हा फरक दर मीटरला १०° से.हून अधिक होतो. मग खालच्या थरातील बाष्प वर सरकते आणि तेथील हिमकणांचे साखरेच्या दाण्यांसारखे, परस्परांना न चिकटणारे स्फटिक बनतात. अशा दुर्बल थरावर वाऱ्याने आणलेल्या हिमाचा घट्ट थर बसला, की वरून भक्कम दिसणारा उतार आतून पोकळ झालेला असतो. एका माणसाच्या भारानेही दुर्बल थर खचतो, तडा क्षणार्धात दूरवर पसरतो व वरचा थर सलग फळीसारखा निसटतो.

प्रकार : फळीसारख्या हिमलोटाखेरीज सुट्या हिमाचा लोट एका बिंदूपासून निघून खाली रुंदावत जातो. ओला हिमलोट ऊन वा पाऊस यांमुळे सुटतो. तो मंदगती पण अतिशय जड असतो. कोरड्या हिमलोटाचा वेग ताशी २०० किमी.हून अधिक होऊ शकतो.

धोका व बचाव : वस्तीपासून दूरच्या पर्वतभागात हिमलोटात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्या वा सोबत्यांच्या भारानेच सुटलेला असतो. पायाखाली हिम खचल्याचा घुमणारा आवाज, पावलांपासून निघणाऱ्या भेगा व शेजारच्या उतारावरील ताजे हिमलोट ही धोक्याची चिन्हे होत. हिमात खड्डा खणून थरांची परीक्षा करतात. तथापि काही अंतरावर थरांची स्थिती निराळी असू शकते. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या सु. १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे बाहेरून मदत येण्यापूर्वी सोबत्यांनीच संदेशप्रक्षेपक, शोधकाठी व फावडे यांच्या साहाय्याने केलेला शोध निर्णायक ठरतो.

भारतात हिमलोटांच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संस्था स्थापन झाली; २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा-२ या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या हिमलोटात गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीतील पंचवीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले.