इंदूरचा विमानतळ : वेग आणि काटकसर

ताप्तीकाठच्या आमच्या बऱ्हाणपुरास रेल्वे आहे, सडक आहे. परंतु प्रवासी विमानसेवा नाही. कापडाच्या कामासाठी तातडीने दिल्ली गाठू इच्छिणारा व्यापारी सुमारे १८० किलोमीटरवरील इंदुरास जातो. म्हणून त्या विमानतळाची ओळख आम्ही सभासदबंधूंस येथे करून देत आहोत.

१९३५ साली होळकर संस्थानाने, टाटा सन्सचे नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या साहाय्याने, बिजासन येथील जागा पाहून निश्चित केली. जुलै १९४८ मध्ये ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईची विमाने सुरू झाली आणि एप्रिल १९५० मध्ये विमानतळ भारत सरकारच्या ताब्यात आला. देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव धारण करणाऱ्या या विमानतळाची नवी इमारत फेब्रुवारी २०१२ मध्ये उद्घाटित झाली. जुलै २०१९ मध्ये येथून दुबईची विमानसेवाही सुरू झाली.

आम्हांस विशेष वाटते ते पुढील पाऊल. डिसेंबर २०२४ मध्ये तो देशातील पहिला शून्य-कचरा विमानतळ म्हणून जाहीर झाला. विमानांतून व इमारतीतून निघणारा कचरा तेथे वेगवेगळा केला जातो. ओल्याचे खत होते, सुका पुनर्वापरास जातो.

विमान जे इंधन जाळते त्याचा भार याने फिटत नाही, हे खरे. तथापि जमेची एक बाजू तरी उघडली. आपल्या गोदामांतील चिंध्या, पुठ्ठे व वेष्टने यांचाही असाच हिशेब प्रत्येक पेढीने मांडावा, एवढीच आमची विनंती.