आजोबांचा फोटो बांधावर काढा

भातकापणी आटोपली, झोडणी झाली, वाल पेरून झाले की महाड-पोलादपूर भागातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. दिवाळीला मुंबई-पुण्याचे चाकरमानीही घरी आलेले असतात. या दिवसांत प्रत्येक घराने एक काम उरकून घ्यावे, हे सुचवण्यासाठी हा लेख लिहीत आहे. काम शेतीचे नाही, पण ते शेतावरच करायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचा एक चांगला फोटो काढून ठेवायचा.

कोणी म्हणेल, आता घरोघर मोबाईल आहेत, फोटोंना काय तोटा? मग आपला मोबाईल उघडून बघा. नातवाचा वाढदिवस सापडेल, सत्यनारायणाची पूजा सापडेल, नवा पॉवर टिलर सापडेल. आजीचा एकटीचा फोटो शोधा. ती कुठेतरी कडेला, अर्धी कापलेली दिसेल. माणूस गेल्यावर श्रद्धांजलीच्या फलकासाठी धावाधाव होते आणि शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतात. देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. पुढे गावोगावी नोंदणी झाली. आपल्याकडच्या अनेक म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यातला एकट्याचा फोटो तेवढाच. रांगेत ताटकळलेला, घामेजलेला, बावरलेला चेहरा. साठ वर्षे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाची आठवण म्हणून भिंतीवर तोच राहतो.

चूक माझीच होती

विस्ताराच्या कामात फोटो हा कागदपत्रांचाच भाग असतो. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर फळबागेच्या लाभार्थ्याचा फोटो घ्यायला गेलो होतो. आजोबा पंच्याहत्तरीचे. मला थांबवून आत गेले, धुतलेला सदरा घालून आले, टोपी झटकून घातली आणि काजूच्या कलमाशेजारी उभे राहिले. पण उभे कसे, तर फौजदारापुढे उभे केल्यासारखे! मी म्हटले, "बाबा, जरा हसा." त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. पाच-सहा फोटो काढले. एकात डोळे मिटलेले, बाकी सगळ्यांत चेहरा आरोपीचा.

मग मी मोबाईल खाली घेतला आणि सहज विचारले, "बाबा, या झाडाला खोड पोखरणारी अळी लागली होती ना, ती कशी आटोक्यात आणलीत?" आजोबा लगेच बुंध्याशी उकिडवे बसले. कमरेची कोयती काढून साल कुठे तासली, अळी कुठे सापडली, हे हाताने दाखवू लागले. "सायेब, तुमचं औषिद मागनं. आधी ही हुडकून भायेर काढाया लागते," असे म्हणून हसले. तेवढ्यात मी फोटो घेतला.

पुढच्या वर्षी आजोबा वारले. त्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. पहिला प्रश्न हाच, "साहेब, तो कोयतीवाला फोटो तुमच्याकडे आहे का अजून?" सुदैवाने होता. फाइलला जोडलेला फोटो त्या घरात कोणालाच नको होता.

भीती कशाची?

कॅमेऱ्यापुढे ताठ उभे राहण्याची सवय जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ माणूस हलला तर चित्र पुसट होई. त्यामुळे "हलू नका, हसू नका" ही शिस्तच पडली. पुढे तालुक्याच्या स्टुडिओतही तेच चालू राहिले. आज मोबाईल डोळ्याचे पाते लवण्याआधी फोटो घेतो, तरी आपली माणसे अजून श्वास रोखून उभी राहतात.

दुसरे कारण असे की, साध्या माणसाला फोटोची आठवण सरकारी कामाबरोबर येते. काही चुकले तर पैसे अडकतील, ही धाकधूक चेहऱ्यावर दिसते. शिवाय दात पडलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. बाया तोंडावर पदर घेतात, "आता या वयात कसला फोटू!" म्हणतात. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे मानणारी माणसेही जुन्या पिढीत होती. त्यांना हसू नये. त्यांना आधी विचारावे आणि नको म्हणाले तर तो विषय सोडावा. बायकांचा फोटो घरातल्या सुनेने किंवा नातीने काढावा. तिच्यापुढे संकोच लवकर जातो.

यावर खरा उपाय एकच. माणूस ज्या जागी मालक आहे त्या जागी त्याचा फोटो काढावा आणि त्याच्या हाताला त्याचे काम द्यावे. आजीच्या हाती सूप द्या, आजोबांच्या हाती विळा द्या, गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात ठेवू द्या. हात कामात असले की चेहरा आपोआप सैल पडतो. "हसा" असे सांगू नये. "यंदा कर्जत-३ कसा उतरला?" असे विचारावे. बोलता बोलता फोटो घेत राहावे. वीस घेतले तर दोन चांगले येतात. काढलेला फोटो लगेच त्यांना दाखवावा. स्वतःला चांगले दिसलेले पाहिले की पुढच्या वेळी ते आपणहून उभे राहतात.

प्रकाश आणि जागा

दुपारी बारा ते तीन या वेळेत फोटो काढू नये. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळे पडते आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी साडेचारनंतर ऊन तिरपे व मऊ असते. भर दुपारीच काढायचा झाला तर आंब्याच्या दाट सावलीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवावे. पानांतून ऊन झिरपते तिथे नको, चेहऱ्यावर ठिपके उठतात. टोपी किंचित मागे सारावी. चष्म्यात आभाळ चमकत असेल तर मान जराशी खाली घ्यायला सांगावी.

मोबाईलची काच आधी मऊ कापडाने पुसावी. निम्मे फोटो बोटाच्या तेलकट डागाने बिघडतात. मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. ते बसले असतील तर आपणही बसावे. फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते. पाच-सहा फूट अंतर ठेवावे. पाठीमागे आपली भाताची उडवी, आपला डोंगर किंवा आपले घर येऊ द्यावे. मागे विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा येत नाही ना, तेवढे बघावे.

सरकारी कामातही उपयोग

ही सवय केवळ आठवणीपुरती नाही. कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा यंत्रावर उमटत नाही, हा अनुभव गावोगावी आहे. त्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, तर पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात चेहरा समोर स्थिर धरून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ओटीवरच्या काळोखात किंवा पाठीमागे ऊन घेऊन हे जमत नाही. अंगणात, चेहऱ्यावर सारखा उजेड पडेल असे बसवले की बहुधा काम होते. ज्याला घरच्यांच्या मोबाईलपुढे बसायची सवय आहे, तो इथेही गोंधळत नाही. मात्र घरी येऊन "फोटो काढतो, ओटीपी सांगा" असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसापुढे आजी-आजोबांना बसवू नये.

आता बोलतेही करा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्याला कॅमेऱ्यापुढे बोलते केले. आज तेच काम घरच्या मोबाईलवर होऊ शकते. वरीचे बी कसे राखायचे, वाल कधी टोकायचा, ओढ्याला कोणत्या साली किती पाणी आले होते, हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. "भाषण करा" म्हटले तर कोणी बोलणार नाही. घरच्या माणसाने मोबाईलच्या बाजूला बसून एकेक प्रश्न विचारावा. त्यांनी मोबाईलकडे न बघता विचारणाऱ्याकडे बघून उत्तर द्यावे. दोन-तीन मिनिटे पुरतात. वाऱ्याचा आवाज येत असेल तर आडोशाला बसावे.

काढला तसा जपा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसे गेली. अशा प्रसंगी घरदार जाते, त्याबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि लग्नाचे अल्बमही चिखलात जातात. म्हणून फोटो एकाच मोबाईलमध्ये ठेवू नये. एक प्रत बाहेरगावच्या मुलाकडे, एक मुलीच्या सासरी पाठवावी आणि एक कागदावर छापून घ्यावी. मागे नाव, गाव व साल पेन्सिलीने लिहावे. जुना फोटो भिजलाच तर स्वच्छ पाण्यात हलके धुऊन, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत सुकवावा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये.

ग्रामपंचायतीने मनावर घ्यावे

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. लगेच दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, त्या दिवशी बऱ्याच गावांत ग्रामसभा होते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या सभेत विषय घ्यावा. गावातली मुले-मुली आणि बचत गटाच्या बाया यांना वाडीवार नावे वाटून द्यावीत. पाऊस उघडला की ज्येष्ठांचे फोटो त्यांच्याच शेतात किंवा अंगणात काढावेत. ज्यांची मुले बाहेरगावी आहेत, ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यापासून सुरुवात करावी. छापलेली प्रत त्यांच्या हातात द्यावी. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय फोटो कुठल्याही गटावर टाकू नये.

यंदा दिवाळीला घरी आलेल्या मुलांनी निदान एक सकाळ यासाठी काढावी. नऊच्या आत आजोबांबरोबर बांधावर जावे. जाताना त्यांची कोयती घ्यायला विसरू नये.