रेड कार्डाची कॅश: वीज गेली तर डेटाचं काय?

सर्व्हरमध्ये मेगारेड कार्ड असेल तर आधी कॅशची पॉलिसी बघा. राइट बॅकमध्ये कार्ड डेटा स्वतःच्या रॅममध्ये घेतं आणि ‘लिहून झालं’ असं लगेच कळवतं. डिस्कवर तो नंतर उतरतो. त्यामुळे डेटाबेस सुसाट चालतो. पण नेमकी मधेच वीज गेली तर?

जुन्या कार्डांवर बॅटरी रॅमला जिवंत ठेवायची, तीही मर्यादित काळच. नव्या कार्डांवरच्या कॅशव्हॉल्टची रचना मला फार आवडते: वीज जाताच सुपरकपॅसिटरच्या जोरावर रॅममधला डेटा फ्लॅशमध्ये उतरतो, वीज आली की पुढे डिस्कवर जातो. कपॅसिटर बिघडला तर कार्ड आपणहून राइट थ्रूवर येतं, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्यावरच ‘लिहून झालं’ म्हणतं. वेग पडतो, डेटा वाचतो. तेव्हा वैतागून ‘ऑलवेज राइट बॅक’ मात्र लावू नका!

हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे डिस्कची स्वतःची कॅश. तिला कार्डाचं संरक्षण नसतं, ती बंदच ठेवा.

कॅशइतकीच रेडची पातळीही महत्त्वाची: मोठ्या डिस्कना रेड ५ नको. ४ टीबीच्या ६ डिस्क रेड ६ मध्ये १६ टीबी जागा देतात आणि दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. जमल्यास एक हॉट स्पेअरही लावा.