अंड्यांतून पिलूं कसें निघतें व कसें वाढतें

अंडें न पाहिलेला विद्यार्थी आमच्या शाळेंत सांपडावयाचा नाहीं. परंतु अंड्यांतून पिलूं बाहेर पडतांना पाहिलेला विद्यार्थी क्वचितच एखादा निघेल. जी वस्तु नित्य डोळ्यांपुढें असते तिच्याविषयीं फारसा विचार करावयाचा नाहीं, हा मनुष्याचा स्वभावच आहे. गेल्या वर्षीं थंडीच्या दिवसांत वसतिगृहाच्या परसांतील एक गांवठी कोंबडी खुडूक झाली, आणि तिच्या निमित्तानें आम्हांस पुष्कळ पाहावयास व शिकावयास मिळालें. तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे. त्यांत आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागेल. कारण त्या चुकीपासूनच आम्ही सर्वांत अधिक शिकलों.

कोंबडी खुडूक होते म्हणजे काय? कांहीं दिवस अंडीं घातल्यावर ती अंडीं घालण्याचें बंद करते, एकाच जागीं बसून राहते, आणि कोणी जवळ गेल्यास पिसें फुलवून रागावते. तिच्या छातीखालचीं पिसें विरळ होऊन तेथील कातडी उघडी पडते. त्यामुळें अंगाची ऊब अंड्यांस थेट मिळते. अशा कोंबडीस रवणीवर बसविण्यासाठीं एक पसरट टोपली घ्यावी, तींत तळाशीं राख व वर वाळलेलें मऊ गवत घालावें, आणि रात्रीच्या वेळीं तिला अलगद उचलून अंड्यांवर ठेवावें. दिवसां ठेवल्यास ती पुष्कळदां उठून जाते. तिच्या अंगाखालीं नीट झांकलीं जातील इतकींच, म्हणजे १० ते १२ अंडीं ठेवावीं. आम्हीं १२ ठेवलीं.

अंडीं कोणतीं घ्यावीं, याविषयीं मुलांत प्रथम मोठा वाद झाला. दोघांचें म्हणणें असें पडलें कीं, दुकानांतून डझनभर अंडीं आणलीं म्हणजे काम झालें. परंतु दुकानांत येणारीं अंडीं बहुतेक मोठ्या कुक्कुटशाळांतलीं असतात. तेथें अंडीं घालणाऱ्या कोंबड्यांत नर ठेवलेलाच नसतो. म्हणून त्या अंड्यांत जीव धरत नाहीं, आणि तीं कितीही दिवस उबविलीं तरी पिलूं निघावयाचें नाहीं. ज्या कळपांत कोंबडा आहे त्यांतलीं, मध्यम आकाराचीं, न तडकलेलीं, आणि सात दिवसांहून जुनीं नसलेलीं अंडीं निवडावीं. रवणीस ठेवीपर्यंत तीं थंड जागीं, निमुळतें टोंक खालीं करून ठेवावीं. अंडें मळकें दिसलें तरी धुऊं नये. कवचावर एक अतिशय पातळ नैसर्गिक लेप असतो. तो धुऊन गेला म्हणजे कवचाच्या छिद्रांतून रोगजंतु सहज आंत शिरतात.

कवचास छिद्रें असतात हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तीं डोळ्यांस दिसत नाहींत, पण हजारोंनीं असतात. त्यांतून प्राणवायु आंत जातो, आणि दूषित वायु व पाण्याची वाफ बाहेर पडते. उबवणीच्या काळांत अंड्याचें वजन शेंकडा १२ ते १४ नें घटतें, तें मुख्यतः या वाफेमुळेंच. जितकें पाणी जातें तितकी अंड्याच्या रुंद टोंकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. ही पोकळी वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें मोठें काम आहे.

सुमारें २,३०० वर्षांपूर्वीं ग्रीस देशांतील तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें उबवणींतील अंडीं फोडून आंत काय चाललें आहे याची नोंद केली होती. तीन दिवस व तीन रात्री लोटल्यावर पांढऱ्या भागांत रक्ताचा एक ठिपका दिसतो व तो सजीवासारखा हालतो, असें त्यानें लिहिलें आहे. तो ठिपका म्हणजे हृदय होय. आज हें पाहण्यासाठीं अंडें फोडावें लागत नाहीं. सातव्या रात्रीं अंधाऱ्या खोलींत बॅटरीच्या कांचेशीं अंडें धरलें असतां आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा व त्यांच्या मध्यें एक काळसर ठिपका दिसतो. ज्यांत असें कांहींच दिसत नाहीं तें अंडें वांझ समजून काढून टाकावें. आमचीं दोन अंडीं अशीं निघालीं, राहिलीं दहा.

आतां कोंबडीचें काम पाहा. ती नुसती बसून असते असें वरवर वाटतें, परंतु अंड्यांतील उष्णता सुमारें ३७.५ अंश सेंटिग्रेड राखण्याचें काम तिचें अखंड चालूं असतें. शिवाय दिवसां व रात्रीं ती चोंचीनें पुष्कळदां अंडीं परतते. असें न केल्यास आंतील गर्भ पडद्यास चिकटून मरतो. दिवसांतून एकदां ती दाणापाण्यासाठीं १५–२० मिनिटें उठते. त्याचें भय बाळगूं नये. दाणा व पाणी जवळच ठेवलें म्हणजे ती लवकर परतते. हींच कामें यंत्राकडून करून घ्यावयाचीं झाल्यास माणसाला फार जपावें लागतें. उष्णता कमी होण्यापेक्षां वाढणें अधिक घातक असतें. पहिले १८ दिवस हवेंतील ओलावा शेंकडा ५० ते ५५ ठेवून अंडीं दिवसांतून निदान तीन वेळां परतावीं लागतात. नंतर परतणें बंद करून ओलावा ६५ ते ७० पर्यंत वाढवावा लागतो. इजिप्त देशांत मातीच्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबविण्याची कला प्राचीन काळापासून आहे. तेथील कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीस लावून त्याची ऊब ओळखीत. आमच्या कोंबडीला मात्र ना उष्णतामापकाची गरज पडली, ना घड्याळाची.

चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिलूं आपलें डोकें रुंद टोंकाकडे वळवूं लागतें. १९ व्या व २० व्या दिवशीं तें उरलेला बलक बेंबीच्या वाटेनें पोटांत ओढून घेतें. मग चोंचीनें हवेच्या पोकळीचा पडदा फोडून तें आयुष्यांतील पहिला श्वास घेतें. या वेळीं अंडें कानाशीं धरलें तर आंतून बारीक चिवचिव ऐकूं येते, आणि कोंबडीही हळू आवाजांत तिला उत्तर देते. पिलाच्या चोंचीच्या टोंकावर एक कठीण कण असतो. त्याला अंडदंत म्हणतात. त्यानें तें कवचास भोंक पाडतें. पिलूं बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत हा कण गळून जातो, कारण त्याचें काम संपलेलें असतें.

आतां आमची चूक सांगतों. २१ व्या दिवशीं सायंकाळपर्यंत सात पिलें बाहेर येऊन आईच्या पंखांखालीं गेलीं. उरलेल्यांपैकीं दोन अंड्यांस दुपारींच भोंकें पडलीं होतीं, पण तीं वाढेनात. मुलांचा जीव राहीना. आणि खरें सांगावयाचें तर आमचाही राहीना. 'बिचारें आंत गुदमरेल' असें म्हणून त्यांपैकीं एका अंड्याचें कवच आम्हीं नखानें काढावयास आरंभ केला. तिसऱ्याच तुकड्याबरोबर आंतल्या पडद्यांतून रक्त आलें. पिलूं बाहेर काढलें तेव्हां त्याच्या पोटाशीं थोडा बलक तसाच लोंबत होता. रात्रीं तें मेलें. ज्या मुलाच्या ओंजळींत तें होतें तो त्या रात्रीं जेवला नाहीं. दुसऱ्या अंड्याला हात लावण्याचें धैर्य मग कोणालाच झालें नाहीं. पहाटे पाहतों तों त्यांतलें पिलूं आपण होऊन बाहेर आलेलें व कोरडें होऊन उभें राहिलेलें!

असें कां व्हावें? पहिलें भोंक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत पिलास १२ ते २४ तास लागणें हें अगदीं स्वाभाविक आहे. त्या वेळांत तें स्वस्थ दिसतें, पण आंत त्याचें मोठें काम चाललेलें असतें. पडद्यांतील शिरांमधलें रक्त त्याच्या शरीरांत परत जातें, बलक पोटांत जाऊन बेंबी मिटते, आणि फुप्फुसें श्वासास सरावतात. तें काम पुरें झालें म्हणजे पिलूं स्वतः गोल फिरून कवच कापतें व पायांनीं जोर देऊन बाहेर पडतें. आम्हांस जो विलंब वाटला, ती त्याची तयारी होती. आमच्या दयेंत खोट नव्हती. ज्ञानाची मात्र उणीव होती. दहावें अंडें शेवटपर्यंत फुटलें नाहीं. एकूण पिलें हातीं लागलीं आठ.

परंतु पिलूं बाहेर आलें कीं सर्व उलट होतें. जें पिलूं कालपर्यंत आपला हात सोशीत नव्हतें, त्याला आजपासून सांभाळणाऱ्याची गरज क्षणोक्षणीं लागते. पोटांतील बलकावर तें दोन-तीन दिवस तग धरूं शकतें. म्हणूनच एक दिवसाचीं पिलें पेट्यांत भरून दूरच्या गांवीं पाठवितां येतात. आई असली तर ऊब तीच देते. पिलें विकत आणलीं असल्यास पहिल्या आठवड्यांत त्यांच्या जागेंत सुमारें ३५ अंश उष्णता ठेवून पुढें दर आठवड्यास तीन-तीन अंश कमी करावी. यासाठीं जुन्या पद्धतीचा, तापणारा विजेचा दिवा हवा; हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत. दिवा साखळीनें पक्का टांगावा, नाहींतर तुसावर पडून आग लागेल. उष्णतामापक नसला तरी पिलांकडे पाहून कळतें: तीं दिव्याखालीं एकमेकांवर चढून दाटी करूं लागलीं तर त्यांस थंडी वाजते, चोंच उघडून, पंख पसरून दूर पळालीं तर उकडतें, आणि सर्वत्र विखरून खाऊं लागलीं तर ठीक आहे असें समजावें.

जमिनीवर नुसता गुळगुळीत कागद घालूं नये. पाय घसरून ते फांकतात व पिलूं अधू होतें. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत स्वच्छ खडे घालावे, नाहींतर पिलूं त्यांत बुडतें. नुसत्या कण्यांवर पिलें नीट वाढत नाहींत. पिलांसाठीं मिळणाऱ्या खाद्यांत शेंकडा २० च्या सुमारास प्रथिनें असतात, तें पहिले सहा-आठ आठवडे तरी द्यावें. तूस ओलें झाल्यास लगेच बदलावें; ओल्या जागेंत रक्ती हगवणीचा रोग बळावतो. घार व मांजर यांच्यापासून जपण्यासाठीं पिलें डालग्याखालीं ठेवावीं. या बाबतींत एक दिवस हयगय झाली, आणि आमचें एक पिलूं घारीनें नेलें.

सर्वांत मोठा शत्रु मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. तो जडल्यावर औषध नाहीं. लस हाच उपाय. पिलूं पांच ते सात दिवसांचें झालें म्हणजे पहिली लस डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकून देतात. पुढच्या लसी पशुवैद्यांस विचारून वेळेवर द्याव्या. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें बर्ड फ्लूचा रोग उद्भवून फार मोठ्या प्रमाणावर कोंबड्या माराव्या लागल्या, हें पालकांस आठवत असेल. म्हणून एकाएकीं कोंबड्या मरूं लागल्यास मुलांनीं त्यांस हात न लावतां मोठ्यांस सांगावें व मोठ्यांनीं पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. एरव्हींही पिलें हाताळल्यावर साबणानें हात धुण्यास विसरूं नये, व तीं कितीही गोजिरवाणीं दिसलीं तरी तोंडाशीं धरूं नयेत.

पालकांस आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. निघालेल्या पिलांपैकीं साधारण निम्मे नर असतात. ते अंडीं देत नाहींत, पहाटे आरवतात व आपसांत झुंजतात. त्यांचें पुढें काय करावयाचें, हें अंडीं रवणीस ठेवण्यापूर्वींच ठरवावें व मुलांपासून लपवूं नये. आमच्या सात पिलांत तीन कोंबडे व चार तलंगा निघाल्या. तलंगा आतां अंडीं घालूं लागल्या आहेत.

या आठवड्यांत जुनी कोंबडी पुन्हां खुडूक झाली असून तिच्याखालीं अंडीं ठेवण्याचें काम मुलांनींच केलें. ज्या मुलाच्या ओंजळींत तें पिलूं मेलें होतें, त्यानें खुराड्याच्या दारावर खडूनें २१ व्या दिवसाची तारीख लिहिली आहे. आणि तिच्याखालीं इतकेंच लिहिलें आहे: 'भोंक पडल्यावर कोणीं हात लावूं नये.' वाचकांपैकीं ज्यांच्या परसांत कोंबडी बसेल त्यांनींही तेवढें एक वाक्य दारावर लिहावें, अशी आमची विनंती आहे.