तळेगावची काच

प्रत्येक माणसाने एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. या पैसा फंडातूनच 1908 मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचतंत्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक धुरा सांभाळली. कारखान्याबरोबरच तेथे कारागीरही घडत होते. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला.

काचेचा मुख्य घटक वाळूतील सिलिका. सोडा मिसळला की ती कमी उष्णतेत वितळते. चुन्यामुळे काच टिकाऊ होते. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन कारागीर फुंकतो, सतत फिरवतो आणि गरज असेल तर साच्यात आकार देतो. तयार वस्तू सावकाश थंड करावी लागते. ती भराभर निवली, तर आत ताण राहून पुढे तडकते.

शिल्पकार काचेला थंड अवस्थेतही घडवतात. हंगेरीचे झोल्टान बोहुश सपाट काचेचे थर एकमेकांना चिकटवून घासत आणि चकाकी देत. प्रकाश थरांतून जाताना परावर्तित होतो आणि शिल्पात खोली दिसते. भट्टीपाशी वेग महत्त्वाचा, तर येथे संयम. पण काचेचा स्वभाव दोन्हीकडे ओळखावाच लागतो.